बाळंतपणं माहेरच्या खात्यावर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१८ फेब्रुवारी १९५८

प्रिय नंदे,

तुझं पत्र आलं आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. सकाळी चहात साखर घालायची विसरले. आमच्या माधवरावांनी तो मुकाट्यानं पिऊन टाकला. मास्तर माणूस, सोसायची सवय आहे. पण तुझी पगारवाढ अडवली हे वाचून मी इतकी चिडले की वॉर्डातल्या कामाच्या बायांना विनाकारण बोलले, आणि मग दिवसभर त्यांची मनधरणी करत बसले. वर तू लिहितेस, महिनाअखेर राजीनामा देऊन मिरजेच्या खासगी दवाखान्यात जाणार. असं एका ओळीत उरकायचं असतं का गं?

शेरा काय, तर बाळंतपणं कमी म्हणून काम असमाधानकारक. तुझं चंदगड बेळगावातून आपल्या जिल्ह्यात आलं आणि तुझं काम इथल्या कचेरीत बसून बघायला लागले. लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात, हे तिथल्या एकालाही आठवू नये? तू सहा-सात महिने भरपावसात चिखल तुडवत त्यांच्या दारात जायचं, पाय सुजलेत का बघायचं, सासवांशी भांडून त्यांना दूध प्यायला लावायचं. मग ओटी भरली की पोरगी निघाली माहेरी, आणि बाळंतपण तिथल्या नर्सच्या नावावर. ज्या लेकी चंदगडला माहेरी येतात, त्यांना आया उंबरा ओलांडू देत नाहीत, कारण घरची सुईण ठरलेली. मग तुझ्या नावावर काय राहणार, कपाळ?

माझी वाढ मात्र लगेच मंजूर झाली. नारळ, हार, साहेबांचं भाषण, सगळं झालं. आजूबाजूच्या गावांतल्या आया आता लेकींना इस्पितळात आणतात, म्हणून माझा आकडा फुगला. त्यात तुझ्याकडच्या किती आहेत हे मला विचार. गेल्या महिन्यात चिमणाबाई आली. माहेर गडमुडशिंगीचं, दिलेली तुझ्याकडे. बाळंतपण अवघड होतं, पण दोघं सुखरूप. तिची आई, आक्का म्हणतात तिला, माझ्या हातात लुगडं कोंबायला लागली. ‘लेक वाचली ती तुमच्यामुळंच की बाई.’ तर खाटेवरून चिमणाबाई म्हणाली, ‘आये, ह्या बाईंनी न्हाय. तिकडच्या आमच्या बाईंनी माझं मीठ तोडलं, म्हणून सूज उतरली. लुगडं त्यास्नी दे.’ मी हसले खरी, पण घास काही गोड लागला नाही त्या दिवशी. लुगडं माझ्याकडेच आहे. हिरवं आहे, तुला मुळीच शोभणार नाही.

काल मी साहेबांकडे गेले होते. म्हटलं, आधीची तपासणी कामात धरा, नंदिनीबाईंवर अन्याय होतोय. ते सज्जन आहेत, चिडले नाहीत. ‘बाई, तुम्हाला वाढ मिळाली ना? मग कशाला दुसऱ्याच्या भानगडीत पडता,’ एवढंच म्हणाले आणि पंखा वाढवायला सांगितला. मी तिथंच उभी राहिले. शेवटी म्हणाले, अर्ज द्या, बघू. आज अर्ज दिला. ते खरंच बघतील की नाही, देव जाणे. मला काही स्वस्थ बसवत नाही.

तुला आठवतं, ट्रेनिंगमध्ये पहिलंच बाळंतपण बघताना मी भिंतीला धरून खाली बसले होते? मेट्रन ओरडायच्या आत तू मला बाहेर ओढलंस आणि तोंडावर तांब्याभर पाणी मारलंस. सगळ्यांना वाटलं, रक्ताला भ्याले. आई माझ्या पाठच्या भावाच्या वेळी गेली, हे मी फक्त तुलाच सांगितलं होतं. त्यानंतर इतक्या जणी हाताखालून गेल्या, पण ती भीती गेली नाही बघ.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मला सातवा लागला आहे. दृष्ट लागेल म्हणून कुणाला कळवलं नाही, तुलासुद्धा. शिव्या समोर आल्यावर दे. शुक्रवारी ओटी भरायला सासूबाई कुरुंदवाडहून आल्या होत्या. सगळं हौसेनं केलं, आणि जाताना विचारलं, ‘पहिलं आहे, माहेरी कधी जाणार?’ बाबा गेल्यावर तिकडचं घर आवरलं, हे त्या बोलण्याच्या भरात विसरल्या. मी म्हटलं, चंदगडला जाणार. तोंडातून निघून गेलं, आणि कित्येक दिवसांनी मला त्या रात्री झोप लागली. नंदे, मिरजेला जायचंच असेल तर माझं झाल्यावर जा. इथं डॉक्टर आहेत, खाटा आहेत, सगळं आहे, पण त्या वेळी मला तूच जवळ हवी आहेस. गाडीचे हिसके सोसवतायत तोवर निघते, म्हणजे येत्या रविवारी. स्टँडवर ये. आणि बाळंतपण तुझ्याच नावावर लिही. कचेरीनं विचारलं, ही कोल्हापूरची नर्स इकडे कशी, तर सांग, हिचं माहेर इथंच आहे.

तुझीच,
विमल