निखिलचा कर्व्हबॉल

१२ एप्रिल, शनिवार
बेसबॉलच्या प्रॅक्टिसला आमच्या कॅचरचा, म्हणजे बॅटवाल्यामागे उकिडवं बसणाऱ्याचा, गुडघा गेला. कोच श्टेफानने बदली शोधायला सगळ्यांना उकिडवं बसवून बघितलं. जर्मन मंडळी एकेक करून मागे आडवी. मी आरामात बसले, टाचा जमिनीला. "अशी किती वेळ बसू शकतेस?" म्हटलं, भाजी निवडून होईपर्यंत. झालं, मी कॅचर. आणि पिचर कोण, तर माझाच नवरा. इतके दिवस निखिल चेंडू फेकायचा नि मी लांब कुंपणापाशी उभी. आता थेट समोरासमोर.

१७ एप्रिल
खुणा पाठ. एक बोट: फास्टबॉल. दोन: कर्व्ह, बॅटपाशी येऊन बुडी मारणारा. चार: चेंजअप. हात फास्टबॉलसारखाच जोरात, चेंडू मात्र रमतगमत. बोटं मी दाखवायची, निखिलने (पुढे नुसतं नि.) तसा टाकायचा. पण नि. कॉलेजात ऑफस्पिनर. त्याला दोनच बोटं दिसतात. बाकी कशालाही मान हलवून नाही. तेही सगळ्यांसमोर!
परतताना गाडीत मागून नाना: "पण टप्पाच पडत नाही तर वळतो कसा रे?" सासरे पुण्याहून आल्यापासून रोज हाच प्रश्न. नि. घर येईपर्यंत त्यांना हवेचा दाब समजावत होता. माझ्या चार बोटांचा विषयच नाही.

२७ एप्रिल, रविवार
पहिली मॅच. हरलो. समोरच्यांनी एकूणएक कर्व्ह फोडले. त्यांच्या दाढीवाल्याने तर एक थेट पार्किंगमध्ये, आमच्याच गाडीच्या बॉनेटवर. नि.ला दुःख बॉनेटचं नाही. "काय सुंदर बुडत होता गं!"
श्टेफानने मला बाजूला घेतलं. परतीच्या मॅचलाही असंच झालं तर पिचर लुकास, तो युनिव्हर्सिटीतला पोरगा. "आल्झो," म्हणजे तर मग, "तूच सांगशील का निखिलला?"
मी का सांगू?
नाही सांगितलं. कंपनीत कुर्त्सआर्बाइट लागल्यापासून नि. निम्मा आठवडा घरी. काम कमी, पगार कमी, बोलणंही कमी. दाढी करतो ती फक्त प्रॅक्टिसच्या दिवशी. तेही गेलं तर...

६ मे
सकाळी चहा घेताना नाना: "अगं मुग्धा, तो बुडी मारणारा टाकायच्या आधी निखिल जीभ बाहेर काढतो."
"काय?"
"लहानपणी पत्ते खेळताना हुकमाचा एक्का आला की हेच. घरात सगळ्यांना माहीत होतं."
"मग त्याला सांगितलं का नाही कधी?"
"सांगून? आम्ही जिंकणार कसे?"

८ मे
नि.ला सांगितलं. भडकला. "मी जीभबीभ काढत नाही." मॅचचा व्हिडिओ लावला. कर्व्ह, जीभ. पुढचा कर्व्ह, जीभ. "योगायोग." मग रागाच्या भरात श्टेफानचंही बोलून गेले. नको होतं. उठून बाल्कनीत जाऊन बसला. नाना शेजारी जाऊन बसले.

११ मे, रविवार
परतीची मॅच. नि.ने ग्लोव्ह नाकापर्यंत धरलेला, दिसतात फक्त डोळे. त्यांना कळेचना काय येतंय. कर्व्ह चालले!
शेवटची इनिंग. आम्ही एका रनने पुढे, दोघं बाद, तिन्ही बेस भरलेले. बॅटवर तोच दाढीवाला, दोन स्ट्राइक. मी चार बोटं दाखवली. मान: नाही. परत चार. नाही. वेळ मागून घेतला नि चालत गेले त्याच्यापाशी.
"तो कर्व्हचीच वाट बघतोय, निखिल."
"चेंजअप सुटतो गं माझ्या हातातून. मला येत नाही नीट."
मला येत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, "सुटू दे. मी आहे ना तिथे."
सुटलाच. पार मातीत. पण दाढीवाल्याची बॅट इतकी आधी फिरली की तो स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली. तिसरा स्ट्राइक, म्हणजे खरं तर बाद, पण चेंडू माझ्या बरगडीवर आपटून पुढे! न पकडलेल्या चेंडूवर त्यांना पळता येतं. पळालेच सगळे. मी चेंडूवर उडी घेतली नि पळणारा तिथे पोचायच्या आत चेंडूसकट होम प्लेटवर आडवी. अंपायर ओरडला, आउट! जिंकलो! नाना छत्री घेऊन मैदानात धावत: "हरलो का आपण?"
पुढच्या मॅचला पिचर कोण, श्टेफानला विचारलं. "शाऊन विअर माल." बघू म्हणे.

१२ मे, सोमवार
बरगडी काळीनिळी. हसलं की दुखतं.
नि.ला बॉसने बुधवारी बोलावलंय. कशाला, ते सांगितलं नाही. नानांनी विचारलं, असं बोलावणं चांगलं की वाईट? बुधवारचा शर्ट नि.ने आजच इस्त्रीला घेतला. कॉलर दाबत, माझ्याकडे न बघता:
"मुग्धा, तुला काय वाटतं? मी आधी बोलू, की त्यांचं ऐकून घेऊ?"
असं कधी विचारत नाही हा. हातातलं ठेवून नीट विचार केला. म्हटलं, आधी ऐकून घे.
"गेनाऊ," म्हणाला, अगदी बरोबर. मग बाही घेतली.
बुधवारी तिथे बसल्यावर ऐकून घेईल का, ते बघू.