पंगतीची दोन टोकं

चि. दत्ताराम भावोजी यांस,

घाटकोपर-भटवाडीहून विमलावहिनीचा आशीर्वाद पोचावा. (साठी उलटलेल्या माणसाला कोण चिरंजीव लिहितं, म्हणून मिशीवरून हात फिरवू नका. मी या घरात आले तेव्हा तुम्ही चड्डीची नाडी बांधून घ्यायला माझ्यापुढे उभे राहायचात. आशीर्वाद द्यायला मला तेवढा अधिकार बस्स आहे.) गुडघा काय म्हणतो? नीलाचं बीपी उतरलं का? तिचं बीपी चढायचं कारण तुम्हीच असणार, म्हणून आधी तुमची चौकशी केली. मी ठणठणीत. डॉक्टरच्या मते माझी साखर जास्त आहे, माझ्या मते सुनेच्या चहात कमी आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून अंगणात बोलता आणि अख्खी वाडी माझ्या बोलण्यावर चहा पिते. म्हणून पत्र. चष्मा पुसून एकट्यानं वाचा.

तर ऐका. आमच्या बिल्डिंगीत व्हिडिओ गेमची टुर्नामेंट लागलीय आणि ती लावणारी मी आहे. हसून झालं? आता पुढे. खाली आमचा हॉल आहे तो तुम्ही बघितलाय. दुपारी आम्ही बायका तिथे बसतो, पोरं शाळा-कॉलेजातून आली की ती बसतात. फुकटात थंड हवा मिळते अशी भटवाडीत तेवढी एकच जागा. आणि आमचा सेक्रेटरी देवेश (पस्तिशीचा आहे, पण बोलतो असं की पेन्शनीत निघालाय) ती जागा एका जिमवाल्याला भाड्यानं द्यायला टपलाय. शिमग्याला हॉलमध्ये दोन खुर्च्या उडाल्या तेव्हा त्यानं मीटिंगीत ठराव करून घेतला, की हॉलात यापुढे एक जरी भांडण झालं तरी हॉल जिमवाल्याचा. अशात पोरांना टुर्नामेंटीची हुक्की आली. आता चालवायची कुणी? प्रत्येक घरात एक तरी खेळणारं पोर, म्हणजे प्रत्येक घरावर संशय. माझ्या घरात मी, मुलगा, सून. तिघंही बिनकामाची. शिवाय बिल्डिंगीतल्या कुठल्याही लग्नात पंगत मीच लावते, कोण कुणाशेजारी बसलं तर वाट लागेल ते मला तोंडपाठ. तेव्हा पोरं आली आणि म्हणाली, आजी, तुम्हीच.

खेळ सोपा आहे हो. टीव्हीवर दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि एकमेकांना लाथाबुक्क्यांनी बडवतात. डोक्यावर दोघांच्या जिवाची एकेक पट्टी. मार खाल्ला की पट्टी आखडते, संपली की माणूस आडवा. आपल्या हातात एक रिमोटासारखं, त्याच्यावर बटणंच बटणं. (गावच्या दशावतारात राक्षस मारायला एवढं सामान लागत नाही.) अवघड आहे ते खेळ लावणं. आमचा यज्ञेश, चंद्रप्रकाशचा मुलगा, बिल्डिंगीतला सगळ्यात तरबेज खेळाडू, तो म्हणाला की आजी, लीग ठेवा, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. मी म्हटलं, बाबा, मग बक्षीस घ्यायला माझ्या तेराव्याला यावं लागेल. मग म्हणाला, डबल एलिमिनेशन. म्हणजे हरलेल्याला आणखी एक संधी. म्हटलं, अजिबात नाही! तुमच्या भावानं माझ्याआधी नापास केलेल्या तिन्ही मुली परत दाखवायला आणल्या असत्या तर मी आज कुठे असते? एकदा हरला की चपला घालायच्या आणि घरी जायचं. नॉकआउट.

नॉकआउटला सोळा लागतात. नावं आली पंधरा. एक जागा रिकामी राहिली तर कुणाला तरी न खेळता पुढे सोडावं लागणार आणि त्यावरून पहिलं भांडण तिथेच होणार. मग मीच माझं नाव घातलं, पंगतीत पान रिकामं राहिलं तर घरच्या माणसाला बसवतो ना, तसं. (सवाष्णी जेवायला बोलावताना मला मोजत नाहीत. म्हटलं, इथे तरी मोजा.)

आणि आता माझी अक्कल ऐका. आमच्याकडे दोन घरं अशी आहेत की जी एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत. वर राहतो दशरथ, त्याच्या खाली चंद्रप्रकाश. दशरथच्या एसीचं पाणी चंद्रप्रकाशच्या खिडकीत वाळत घातलेल्या पापडांवर पडलं, तेव्हापासून एक लिफ्टमध्ये असला की दुसरा जिना चढतो. दशरथची गंधाली खेळणार, चंद्रप्रकाशचा यज्ञेश खेळणार. पोरांचं एकमेकांशी काही वाकडं नाही, पण बाप दोघंही खुर्ची टाकून बघायला बसणार. तेव्हा मी काय केलं? पंगतीत करते तेच. गंधालीला कागदाच्या वरच्या टोकाला बसवलं, यज्ञेशला खालच्या टोकाला, मध्ये बाकीची सगळी जनता. स्वतःवर खूश होऊन मी दोन कप चहा प्यायले. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि गंधाली कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, आजी, हे बघा काय झालंय. बघते तर काय! पंगतीत टोकाला बसवलेली माणसं हात धुवायला उठेपर्यंत भेटत नाहीत. पण नॉकआउटमध्ये मधली माणसं उठून जातात हो, आणि टोकं सरकत सरकत एकमेकांना भिडतात! मी त्या दोन घरांना लांब ठेवलं नव्हतं, सरळ फायनलला बसवलं होतं, सगळ्या बिल्डिंगीसमोर, रविवारी. देवेशनं तर जिमवाल्याला माप घ्यायला बोलावलंसुद्धा. तो येऊन टेप लावून गेला. आमच्या कॅरमच्या जागी म्हणे पळायचं मशीन.

एकच आशा होती, ती म्हणजे यज्ञेश त्याआधी कुणाकडून तरी हरेल. आणि तो 'कुणीतरी' होते मी. कारण भावोजी, मी सेमीफायनलला पोचले होते. कशी ते विचारू नका. बरं, विचारा. पहिल्या फेरीतल्या मुलाला आईनं दळण आणायला पाठवला, तो वेळेत आलाच नाही. दुसऱ्या फेरीत तळमजल्यावरचा एक फार सभ्य मुलगा आला. तो म्हणाला, आजींना लाथ कशी मारू? आणि वेळ संपेपर्यंत त्याचा पैलवान टीव्हीवर हात जोडल्यासारखा उभा राहिला. मी मात्र दिसेल ते बटण दाबत होते. असा आमचा विजय.

गंधाली तिची सेमीफायनल जिंकून बसली होती. माझ्या सेमीफायनलला हॉल भरलेला. दशरथ एका भिंतीला, चंद्रप्रकाश समोरच्या भिंतीला. यज्ञेशनं पहिल्या अर्ध्या मिनिटात माझी पट्टी अर्धी केली. म्हटलं, विमले, हातानं होत नाही ते तोंडानं कर. मी बटणं दाबता दाबता सहज विचारलं, यज्ञेश, काल संध्याकाळी रिक्षातून तुझ्याबरोबर उतरली ती कोण रे? बाप मागेच बसलेला! पोरानं दचकून मागे बघितलं. मी दाबलं. म्हटलं, छान आहे हो, उंचीला पण शोभते. तो म्हणाला, आजी प्लीज. मी दाबलं. चंद्रप्रकाश म्हणाला, कसली रिक्षा? यज्ञेश म्हणाला, पप्पा, शेअर रिक्षा होती! तोवर मी इतक्या वेळा दाबलं की त्याचा पैलवान उताणा आणि माझ्या अंगठ्याला पेटका.

आणि मग काय झालं ते ऐका. भिंतीपाशी बसलेला दशरथ उठला, हॉल ओलांडून गेला, आणि चंद्रप्रकाशसमोर उभा राहून म्हणाला, "चंद्या, हे बरोबर नाही झालं. तुझ्या पोराला हिनं बोलण्यात गुंडाळला."

चंद्रप्रकाश म्हणाला, "तेच म्हणतो मी. टुर्नामेंट लावणारी हीच, जिंकणारी हीच."

"आणि माझ्या गंधालीनं फायनलला हरवायचं कुणाला? म्हातारीला? हरवलं तर कौतुक नाही, हरली तर तोंड दाखवायला जागा नाही."

दोघं तावातावानं बोलत एकाच लिफ्टमधून वर गेले. रात्री माझ्याविरुद्धचा अर्ज एकाच कागदावर, दोघांच्या सह्यांनी. (पापड चंद्रप्रकाशच्या बायकोनं तळले, असं कळलं.) देवेश टाळ्या पिटत आला, आजी, भांडण झालं, हॉल गेला! म्हटलं, गाढवा, चार वर्षांनी दोन माणसं एकमेकांशी बोलली, याला तुमच्यात भांडण म्हणतात? मीटिंगीत तासभर यावर घोळ चालला. शेवटी ठरलं असं, की फायनल होईल येत्या रविवारी, गंधाली विरुद्ध मी, बाहेरचा पंच आणून. सगळं शांततेत पार पडलं तर हॉल आमचा राहील आणि देवेश परत जिमचं नाव काढणार नाही. पंचाच्या निकालावर कुणी आवाज चढवला तर टेप लावलेली आहेच.

बाकी सगळं क्षेम. नीलाला माझी आठवण सांगा. गुडघ्याला तेल लावा, नुसतं दाखवू नका.

तुमची वडीलधारी (वागण्यानं नसले तरी वयानं),
विमलावहिनी

ता. क. आता खरं काम. तो बाहेरचा पंच म्हणजे तुम्ही. मी मीटिंगीत सांगून बसलेय की ओळखीतला एक फार कडक माणूस आहे, गावाहून येईल. नाव दत्ताराम एवढंच सांगितलं, आडनावाच्या वेळेला मला खोकला आला. दीर म्हणून नाही बोलवत हो. वाडीच्या मॅचीत तुम्ही सख्ख्या भावाला रनआउट दिलंत, तो आठ दिवस तुमच्याशी बोलला नाही, पण तुम्ही बोट खाली घेतलं नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तसलंच बोट पाहिजे. गंधाली जिंकली तर गंधाली. शनिवारी निघालात तरी पोचाल. गुडघ्याची सबब चालणार नाही, पंचाला बसूनच बघायचंय.

ता. क. दुसरा. तुमच्यापाशी खोटं राहायला नको. मला ती बटणं सगळी येतात. हॉलातलं यंत्र आमच्या केतनचंच, पुण्याला शिकायला जाताना नातवानं ते पोरांना दिलं. फोन केला की तो तीनच शब्द बोलतो, हो, नाही, जेवलो. एकदा त्यानंच सांगितलं, आजी, हॉलात वायफाय आहे, चार वाजता लाव, मी इथून खेळतो. खेळताना, भावोजी, तो पोर तासभर बोलतो! मेसची भाजी, मास्तर, कोण मित्र रुसला, सगळं. मी त्याला लाथा घालते आणि तो मला सांगत राहतो. बायका डुलक्या काढत असतात, त्यांना वाटतं म्हातारी वाती वळतेय. हॉल जिमवाल्याकडे गेला तर सोसायटीला भाडं मिळेल, पण माझा केतन परत तीन शब्दांवर येईल. म्हणून हा सगळा खटाटोप. हे कुणाला बोलायचं नाही, यज्ञेशला तर मुळीच नाही. तो अजून समजतो की त्याला रिक्षानं हरवलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. दशरथ-चंद्रप्रकाशनी मिळून नवा नियम काढलाय, की खेळाआधी पंचानं दोघींना गणपतीसमोर उभं करून विचारायचं, बाहेरच्या कुणी काही शिकवलंय का? काल केतननं गंधालीची डावी बाजू कशी उघडी पडते ते मला नीट समजावून सांगितलंय. तेव्हा बाकी सगळं कडकपणे करा, तो एक प्रश्न तेवढा विसरा. तुमच्या वयाला विसरलेलं शोभतं.