सरावबंदीचा ठराव

मंगळवार, संध्याकाळ. सोलापूर.

आजही समोरच्या खिडकीत अंबादासमामा क्लॅरिनेट ओठाला न लावता नुसती बोटं फिरवत बसले होते. बँडमध्ये वाजवणारा माणूस, सराव सुटला तर लग्नाला कोण बोलावणार? पण चाळीची सभा आता मोबाईलवर भरते, आणि तिनं ठराव केला, संध्याकाळचा सराव बंद.

त्या सभेत घरटी एक एआय एजंट बसवला मीच. मी सदा भटकत, बाकीचे कामावर. म्हटलं, आपल्या वतीनं तो बोलेल, मत देईल. बसवताना प्रत्येकाला विचारलं, चाळीत काय पाहिजे? सगळे म्हणाले, शांतता. दुसरं काय म्हणणार? मीही तेच म्हणालो.

मग एका एजंटानं ठराव मांडला, बाकीच्यांनी चर्चा करून मंजूर केला. आम्हाला थेट निकालच कळला. काल रात्री सगळे कामावरून आल्यावर दारोदार विचारत फिरलो. जो तो म्हणतो, मी कुटं मत दिलं? मग दिलं कुणी? ती बोटं डोळ्यांपुढून जात नाहीत.

शेवटी मामांकडं गेलो. "मामा, ठराव फिरवू की. समदे तुमच्याच बाजूनं हायत."

"आरं, एकानं तरी दारात येऊन शिवी घालायची. भांडलो असतो, मग च्या पाजला असता. आता भांडू कुणाशी?"

बोलता बोलता पिशवी भरत होते.

"कुटं निघालात?"

"कुर्डुवाडीला, लेकीकडं. तितं रेल्वेचाच आवाज लई. माझं कुणाला ऐकूच येनार न्हाय."