हद्दीच्या आत

वाराणसी,
२० फेब्रुवारी

प्रिय देवव्रतदादा,

नमस्कार. वहिनीच्या गुडघ्याला आराम पडला असेल. नागपूरची संत्री पोचली. बाबांनी दोन फोडी खाल्ल्या आणि बाकीची शेजारीपाजारी वाटायला लावली.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. या नव्या फ्लॅटच्या दोन खोल्यांत बाबांना सगळं ऐकू येतं. डोळे गेले, पाय गेले, कान मात्र अजून मास्तरांचेच आहेत.

माझ्या कामाचं विचारलं होतंस. मेट्रोच्या गाड्या रात्री उभ्या करायची, धुवायची, दुरुस्त करायची जागा आखतेय, तीही जमिनीखाली, कारण वर शहरात पाय ठेवायला जागा नाही. रूळ बसले, गाडीच्या पोटाखाली उतरायचे खड्डे बसले. अडलं धुराड्याशी. खाली आग लागली तर धूर वर काढायला ते हवंच, आणि वर एका बाजूला बाळंतिणींचं इस्पितळ, दुसऱ्या बाजूला आपलं घर. दोन्हींपैकी एक पाडावंच लागणार होतं, मी आपलं घर सुचवलं. त्यावरून तू माझ्याशी भांडलास, ते तुझं चुकलं नाही.

बाबा भांडले नाहीत. नकाशा नाकाशी धरून म्हणाले, "खाली माणसं काम करणार ना? मग त्यांना श्वास नको? घर देऊन टाक. फक्त मला हद्दीबाहेर नेऊ नकोस." आई गेल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतलेला. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, म्हणून तुझ्या रुचीच्या लग्नालाही आले नाहीत. मी छातीठोकपणे हो म्हटलं. मातीच्या तपासणीसाठी घर लगेच रिकामं करायचं होतं. बदल्यात मिळणारा फ्लॅट महापालिकेच्या हद्दीत आहे, एवढं मी पाहिलं आणि सामान हलवलं.

दादा, महापालिकेची हद्द म्हणजे काशी नव्हे.

महाशिवरात्रीला पंचक्रोशी परिक्रमेचे यात्रेकरू आमच्या खिडकीखालून गेले. ती वाट हीच काशीची हद्द; काशीला उजव्या हाताला ठेवून चालतात. आमची बिल्डिंग त्यांच्या डाव्या हाताला होती. गॅसवर दूध उतू गेलं तरी मी बघतच राहिले. आतून बाबांनी विचारलं, "यात्रा आहे का गं?" मी म्हटलं, "कुणाची तरी बारात आहे, बाबा."

त्यांना परत आत न्यावं म्हणून डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "स्ट्रेचर पर भी मत हिलाइए, बहनजी. रास्ते में ही चले जाएँगे."

तेव्हापासून रोज सकाळी बाबा विचारतात, "ईशू, आपण आतच आहोत ना?" मी हो म्हणते आणि पेज भरवते. खालच्या माणसांसाठी मी वीत वीत जागा मोजली, आणि ज्यांनी त्यांच्यासाठी घर दिलं त्यांचं मरण रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं. हे आता कशानेच भरून निघणार नाही. मोकळेपणी रडताही येत नाही, भिंतीपलीकडे ते जागेच असतात.

एक मार्चला तू येतोयस. मी स्टेशनवर येईन, घरी पोचण्याआधी तुझा चेहरा मला पाहायचाय. ते तुलाही विचारतील. माझ्या बोलण्यावर त्यांचा भरवसा उरलेला नसावा. कालच म्हणाले, "देवूला येऊ दे. तो खोटं बोलत नाही."

खरंच, तू खोटं बोलत नाहीस. एकदा बोल.

तुझी,
ईशानी