बिनसहीचा दिवस

अब्बा, उद्या सकाळी मी ज्यांच्यापुढे उभी राहून बोलणार आहे, त्या सगळ्या माझ्यासारख्याच कंत्राटी सिस्टर आहेत, आणि आमचं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. वर्षातला एक दिवस असा येतो की त्या दिवशी आम्ही राबतो, आणि तरी आम्ही तिथे नसतो. तुम्हाला हे समजावून सांगावं लागेल. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, नर्सिंगला प्रवेशही घेतला नव्हता. आमची ऑर्डर अकरा महिन्यांची असते. ती संपली की एक दिवस मोकळा सोडतात आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर हातात देतात. त्या मोकळ्या दिवसाला कागदावर तांत्रिक खंड म्हणतात, आम्ही ब्रेक म्हणतो. तो कशासाठी, तर पुढे कुणी म्हणू नये की मी इथली कायमची. पण वॉर्डाला खंड नसतो, बाया त्या दिवशीही बाळंत होतात. म्हणून इन्चार्ज सिस्टरचा निरोप येतो, ‘येऊन जाय वो बाई, फक्त सही नको करू.’ आणि आम्ही जातो. आज संध्याकाळी आमच्या ऑर्डरी संपल्या. उद्या ब्रेक आहे.

मी आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका रुग्णालयात आहे. इथे यायला कुणी तयार नव्हतं, मी मागून घेतलं. नवजात बाळांची खोली मला आवडते. बाकी सगळ्या वॉर्डांत माणसं आपलं दुखणं सांगतात, खोटंही सांगतात. बाळ काही सांगत नाही, त्याच्या रंगावरून आणि छातीवरून सगळं ओळखावं लागतं. गेल्या वर्षीच्या ब्रेकला मी अशीच बिनसहीची आले होते. आतल्या गावातून एक पोरगी ट्रॅक्टरमध्ये टाकून आणलेली, तिच्यासोबत तिची सासू. बाळ झालं, पण रडलं नाही. निळं, मऊ, ओल्या फडक्यासारखं. मी त्याला वॉर्मरखाली घेते, तोंड साफ करते, पाठ चोळते, काही नाही. श्वास भरायची अंबू बॅग तोंडावर लावते, दाबते, सोडते. मग ती छाती आपली आपण उचलते आणि बाळ इतकं कर्कश रडतं की इन्चार्ज सिस्टर हसायलाच लागतात. सासू माझा हात धरून म्हणाली, ‘बाई, तुमचं नाव काय म्हन्ले? नातीले तेच ठेवतो.’ इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘तिचं नाव नका विचारू माय. आज थे इथी नाईच.’ सगळे हसले, मीही हसले. नोंद त्यांच्या नावाने झाली. त्यांनी वाईट हेतूने केली नाही. दुसरं नाव लिहायला त्या दिवशी कागदावर दुसरं कुणी नव्हतंच.

त्या हसण्याचा राग मला या महिन्यात आला. नागपूरला नवजात बाळांच्या देखभालीचं प्रशिक्षण आहे. ते केल्याशिवाय या खोलीची इन्चार्ज होता येत नाही, मोठ्या दवाखान्यात या कामावर कुणी घेत नाही, पुढची एकही पायरी चढता येत नाही. मी अर्ज केला. मोठ्या बाबूंनी तो न वाचताच माझ्याकडे सरकवला. ‘सिस्टर, अट वाचली का? सलग तीन वर्षं सेवा पायजे. तुमच्या सेवेत खंड हाये.’

‘खंड तुम्हीच पाडता ना, बाबू?’

‘मी कायले पाडू? वरून येते.’

‘त्या दिवशी मी कामावर होते.’

‘पुरावा?’

‘पोरगी आहे. चालायला लागली आता.’

बाबू चष्म्यावरून माझ्याकडे बघून हसले. ‘सिस्टर, तुम्ही भाषण चांगलं करता. पोरगी काय फायलीले लावता येते?’

अब्बा, ही अट नीट उलगडून बघा. दर अकरा महिन्यांनी जिची सेवा तोडली जाते, तिच्याकडून सलग तीन वर्षं मागायची! तुमच्या शिंपीकामाच्या भाषेत सांगते, कापड बेततानाच असं बेतलं आहे की आमच्यातली एकही त्यात मावू नये. आणि जागा वाया जाऊ नये म्हणून पाठवलं कुणाला, तर एका कायम सिस्टरला. ती स्वतः माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘मले काऊन पाठवून राह्यले वो? मले तर त्या लेकरांले हात लावायची भीती वाटते.’ ती खरं बोलत होती. तिच्यावर माझा राग नाही. नर्सची नोंदणी मिळून किती दिवस झाले, किती बाळं हातांतून गेली, याला काही अर्थ नाही. प्रत्येक नव्या ऑर्डरीबरोबर मी पुन्हा नवी. परिचय करून देताना अजूनही म्हणतात, ‘ह्या आपल्या नवीन सिस्टर.’

आणि राग कुणावर काढायचा हे शोधता शोधता, अब्बा, मी तुमच्यापाशी येऊन पोचले.

चंद्रपुरात परकोटाच्या आतल्या गल्लीत आपलं दुकान. एक मशीन, एक टेबल, भिंतीला टांगलेले जुन्या वर्तमानपत्रांचे बेत. तुम्ही बाह्या, कॉलर, पाठी सगळं वर्तमानपत्रातून कापायचात आणि मी ते वाचायची. बाहीवर अर्धं भाषण, उरलेलं पाठीच्या तुकड्यावर, तेही कुठेतरी खालच्या कडेला. मला वाचायची आणि बोलायची चटक तिथे लागली, कारण अर्धवट तुटलेलं वाक्य मला स्वतः पुरं करावं लागायचं. दरवर्षी नर्सिंग शाळेच्या मुलींच्या गणवेशांचं काम निघायचं, आणि दरवर्षी तिथला बाबू दुकानात यायचा. ‘मास्तर, नमुना शिवून द्या. साहेबाले दाखवतो.’ तुम्ही पांढरंशुभ्र कापड स्वतः आणायचात. इतर गिऱ्हाइकांचं काम मागे ठेवून नमुना शिवायचात, इस्त्री करून, सायकलला मागे बांधून पोचवून यायचात. काम जायचं नागपूरच्या दुकानदाराला. नमुना तिकडेच राहायचा. एके वर्षी त्या मुली आपल्या गल्लीतून गेल्या, तेव्हा त्यांच्या गळ्याशी तुमचीच कॉलर होती, हुबेहूब. मी पेटले. तुम्ही मात्र मान वाकडी करून बघत राहिलात आणि म्हणालात, ‘कॉलर बराबर बैठी है.’

पुढच्या वर्षी बाबू आला तेव्हा मी नववीत होते. मी म्हणाले, ‘नमुन्याचे पैसे द्या आधी.’ बाबू हसला, ‘मास्तर, पोरगी वकील होते का काय?’ तुम्ही हसला नाहीत. तो गेल्यावर तुम्ही कात्री खाली ठेवलीत. ‘काम को ना नहीं बोलते, बेटा. काम देखके ही कोई दिन काम मिलेगा.’ मी इतकी वर्षं तेच वाक्य पाठीवर वाहते आहे. याच वाक्याने मला प्रत्येक ब्रेकला वॉर्डात नेलं. काम बघून कुणीतरी काम देईल. कोण देईल, अब्बा? तुमचं काम त्यांनी बघितलं होतं. बघितलं होतं म्हणूनच दुसऱ्याकडून हुबेहूब करून घेतलं. चांगलं काम फुकट मिळतं हे एकदा कळलं की त्याची किंमत कोण कशाला ठरवेल? हे मी उद्या म्हणणार आहे. तुमचं नाव घेणार नाही, पण बोलेन ते तुमच्याच विरुद्ध.

तरी एक गोष्ट आहे, जी मला भाषणात बसवता येत नाही. तुमच्या शेवटच्या वर्षी नमुना परत आला होता. बाबू वैतागला होता. ‘मास्तर, साइज चुकली. एवढी बारीक पोरगी कुठी असते?’ तुम्ही ‘हो, चुकली’ म्हणालात आणि तो घडी घालून माझ्या हातात दिलात. मला वाटलं, तुमचे डोळे गेले, हात थकला. तुम्ही तेव्हा खरंच आजारी होता. नर्सिंगच्या पहिल्या दिवशी अम्मीने तो पेटीतून काढला. अंगावर चढवला तर तो माझाच होता. खांदा माझा, बाही माझी, आणि वाढत्या अंगासाठी कडेला कापड दुमडून ठेवलेलं. तुम्ही मला कधी टेपसमोर उभं केलं नव्हतं. साइज चुकली नव्हती. त्या एका वर्षी तुम्ही त्यांना नमुना दिलाच नाहीत.

याचा मला अभिमान वाटायला हवा. वाटतो. पण त्याहून जास्त संताप येतो. ना म्हणायचंच होतं, तर तोंडाने का नाही म्हणालात? मला ऐकू येईल असं का नाही? मी त्या टेबलापाशीच बसले होते. तो गणवेश मी तीन वर्षं वापरला, पण तुमचं ‘ना’ त्याच्या शिवणीत दुमडून राहिलं. ते मला उसवून काढावं लागतंय, आणि आता माझं स्वतःचं वय त्यात चाललंय.

म्हणून उद्या मी दुमडून काही ठेवणार नाही. संप करा असं मी म्हणणार नाही. बाळाने आमचं काही बिघडवलेलं नाही. मी एवढंच म्हणणार आहे: बायांनो, आज कामावर या. गणवेश घालून, वेळेवर, सगळ्या जणी या. पण वॉर्डाच्या पायरीवर थांबा आणि आधी हजेरीचं रजिस्टर मागा. रजिस्टर पुढे आलं तर सही करा आणि आत जा. नाही आलं तर तिथेच पायरीवर बसा. बिनसहीचा एक तासही आता कुणाला द्यायचा नाही.

हे पत्र पोचणार नाही, ते मला ठाऊक आहे. पुढच्या वेळी घरी गेले की ते तुमच्या मशीनच्या खणात ठेवीन. आणि तिथे दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून हेही लिहिते. उद्या पायरीवर सर्वांत पुढे मी बसलेली असेन. आणि त्याच वेळी आतून कुणी ओरडलं, ‘बाळ रडलं नाही,’ तर मी सहीसाठी थांबेन की नाही, हे मला आज सांगता येत नाही.