माझी सकाळ दुपारी दोनला

आई,

ड्यूटीवरून आले तर तुम्ही फिरायला गेला होतात, म्हणून ही चिठ्ठी माझ्या खोलीच्या दारावर लावतेय. मला नऊला चहासाठी उठवू नका. तुम्ही मायेनेच उठवता, पण मग रात्री वॉर्डात सलाईन लावताना डोळ्यांवर झापड येते.

आजपासून माझी सकाळ दुपारी दोनला. आधी गच्चीत ऊन खाणार, मग अंघोळ, मग जेवण.

शेजारच्या काकूंना 'सून बाजारात गेलीय' असं सांगू नका, झोपलीय म्हणा. त्यांनी नाक मुरडलं तर विचारा, त्यांचे यजमान ॲडमिट होते तेव्हा रात्रभर कोण जागलं.

दोनला चहा मीच टाकेन, दोघींचा. 'उठलीस एकदाची' तेवढं म्हणू नका.

तुमची सून