सेठच्या गाडीतला टीव्ही

४ मे २००८, रविवार

टेकचंद सेठ आमच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात येतात तेव्हा आधी गाडी येते, मग हॉर्न, आणि सगळ्यांत शेवटी सेठ. तेंदूपत्त्याचे ठेकेदार. नवी पांढरी गाडी, आणि तिच्यात काय तर टीव्ही! नागपुरात बसवून आणलाय, स्टेअरिंगच्या अगदी बाजूला. देवरीत उभ्या गाडीत चित्र बरं दिसतं. चिचगडच्या रस्त्याला लागलं की नुसत्या मुंग्या.

बाबांना म्हणाले, "सेवकराम, ये चलती गाड़ी में चलना मंगता." बाबा हो म्हणाले. बाबा सगळ्यांना हो म्हणतात आणि मग पेचकस माझ्याकडे देतात. दोन वर्षं झाली, त्यांचे हात थरथरतात. सोल्डरिंग सगळं मी करते, मागच्या खोलीत, पडद्याआड. गिऱ्हाइकाला वाटतं सेवकरामचाच हात.

जेवताना बाबा म्हणाले की सेठचं हे काम साधलं तर पडदा काढून टाकतो. तू समोर बस, काम तुझं आहे हे मी गावाला सांगतो. सेठला चालतं म्हटल्यावर बाकीचे काय बोलतील?

म्हणजे माझं नाव आता त्या माणसाच्या करमणुकीला टांगलेलं आहे. छान.

६ मे

नागपूरवाल्याचं काम उघडून पाहिलं. लाज वाटली, त्याच्या वतीनं! मागे छपरावर ॲन्टेनाची एक काडी खोवलीय आणि खाली बूस्टर. झालं. बूस्टर काय करतो? चित्र वाढवतो तशी खरखरही वाढवतो. एवढं मला सातवीत कळत होतं.

खरं तर सातवीच्याही आधी. शाळेत घालण्याआधी बाबांनीच मला अक्षरं शिकवली, रेडिओच्या डायलवरची गावांची नावं बोटानं दाखवून. ॲन्टेना त्याच सुमाराला शिकवला. घरावरचा ॲन्टेना टॉवरकडे तोंड करून बांधला की काम संपतं. गाडी मात्र दर वळणाला तोंड फिरवते. शिवाय टॉवरकडून येणारी लहर एकटी येत नाही. एक सरळ येते, दुसरी डोंगराला आपटून जरा उशिरा. उभ्या गाडीत त्यानं चित्राला सावली पडते. चालत्या गाडीत दोघी कधी एकमेकींना जोर देतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात – दर चार पावलांवर. म्हणून चित्र फडफडतं.

हे सेठना सांगून पाहिलं. ते बाबांकडे बघून म्हणाले, "लड़की बहुत बोलती है."

९ मे

उपाय आहे. काड्या दोन हव्यात, एक पुढच्या काचेजवळ, एक मागे. मध्ये एक पेटी, जी क्षणाक्षणाला बघते कुठल्या काडीवर लहर जोरात आहे आणि तिकडे वळते. एका काडीवर लहर पुसली गेली असेल तेव्हा दुसरीवर बहुतेक नसतेच. बाहेरच्या देशातल्या गाड्यांत चार-चार असतात म्हणे, काचेतच ओढलेल्या तारा. माझ्याकडे दोनच आहेत. पेटी मी बनवली, पुढच्या दोन सीटांच्या मधे, ड्रायव्हरच्या पायाशी बसेल एवढी. तीन दिवस लागले. प्रत्येक सांधा दोनदा तपासला, मग झोपताना शंका आली म्हणून सकाळी पुन्हा एकदा.

११ मे, रविवार

चाललं!! देवरी ते चिचगड. एका उतारावर डोंगर आडवा आला तेवढंच गेलं – तिथे लहरच पोचत नाही, त्याला कोण काय करणार.

मी मागे, बाबा माझ्या बाजूला, सेठ पुढे. सेठ टीव्ही बघत नाहीत. टीव्ही बघणारा माणूस म्हणून दिसतात. फळीवर, म्हणजे तेंदूची पानं गोळा करतात तिथे, काच खाली करून आवाज वाढवला. पुडे बांधून घामाघूम झालेल्या बायांना बातम्या ऐकवल्या. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. शाबास.

ड्रायव्हर उमराव म्हणजे ठोकळा. तोंडातून शब्द नाही. सेठ सारखे त्याच्या खांद्यावर थाप मारत होते – देख उमराव, देख – आणि हा बळंच हसत होता. याला चित्र काय, काच काय, सगळं सारखंच.

१३ मे

नाही चाललं. सेठ भर दुकानात ओरडून गेले. बाबांवर.

१५ मे

पुन्हा तेच. दुकानासमोर लख्ख, रस्त्यावर मुंग्या. पेटी तपासली. सांधे तपासले. उमरावला विचारलं, नेमकं कुठे गेलं? "गेलं बा," म्हणाला. बस्स! यापेक्षा गाडीच्या डिक्कीला विचारलं असतं तरी चाललं असतं.

बाजारात सेठ सांगत फिरताहेत – सेवकराम बुड्ढा हो गया, हाथ काँपते हैं उसके. तीस वर्षांत बाबांच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. आणि काम तर माझं. बाबा आज जेवण झाल्यावर दोन्ही हात मांडीखाली धरून बसले होते.

काडीची वायर पेटीत जिथे खोचतात तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून गाडी परत दिली. दोन्ही वायरींना. कोणी हात लावला तर ठिपका तडकेल.

१७ मे

ठिपके तडकले होते. दोन्ही.

सेठ बँकेत गेले होते. उमराव गाडीपाशी उभा. मी सरळ विचारलं. वाटलं, नाही म्हणेल.

"मीच काढतो," म्हणाला. "गाव सुटलं का पायानं ओढतो, गाव आलं का लावतो."

मी म्हटलं, काऊन? माझ्या बाबांची अब्रू जाऊन राहिली.

त्यानं बँकेच्या दाराकडे पाहून घेतलं. मग म्हणाला, "बाई, सेठ टीवी पाहते काय? मले दाखवते. देख म्हणते अन् खांदा हालवते. नाई पाहिलं तं रागावते. तुमी बसवून देल्ली त्याच्या दुसऱ्या दिशी मोडावर बाया पत्त्याची गाठोडी घेऊन चालून राहिल्या होत्या. मी पडद्यातून मान काहाडली तं एक बाई हातभर राहिली होती. माही घरवाली सुभद्रा त्याच रोडनं येते."

मग म्हणाला, सेठला सांगायचं तर सांगा, नोकरी जाईल, दुसरी पाहीन. पण नवा ड्रायव्हर पडद्याकडे पाहील.

मी रविवारी त्याच गाडीत बसले होते. त्याच रस्त्यानं. मी एकदाही समोर रस्त्याकडे पाहिलं नाही. पेटीकडे आणि पडद्याकडे पाहत होते, छाती फुगवून. मला सेठची फार कीव येत होती ना!

१८ मे

सांगितलं तर उमराव जातो. नाही सांगितलं तर बाबांची अब्रू जाते. सकाळपासून तीन वेळा दुकानाच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले.

२० मे, बुद्ध जयंती

विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं तशी मी मधेच थांबले. बाजूच्या लीलाबाईंनी पाणी दिलं. उन्हाचा त्रास होतोय का विचारलं. हो म्हटलं. हेही खोटंच.

२१ मे

केलं. पेटीतला एक तुकडा काढून घेतला आणि सेठना म्हटलं, पेटी जळली. असला भाग आता मिळत नाही. आणि हे काम बाबांचं नाही, पहिल्यापासून माझं आहे. बाबांचे हात याला लागलेच नाहीत.

सेठ हसले. "वही तो! मैं बोलूँ, सेवकराम ऐसा काम कैसे करेगा? लड़की के हाथ में औज़ार दिया." काड्या उपटून दुकानात फेकल्या. आता पुन्हा नागपूरला नेणार म्हणे. न्या. तो नागपूरवाला पुन्हा एक काडी खोवेल, पुन्हा मुंग्या येतील.

बाबांनी विचारलं, काऊन जळली? म्हटलं, माहीत नाही.

२६ मे

झालं नाव. बाजारभर. सेवकरामच्या पोरीनं सेठची टीवी जाळली! काल एक बाई रेडिओ घेऊन आली. दारातच विचारते, तुम्हीच कराल ना भाऊ, पोरगी नाही ना? बाबा म्हणाले, मीच करतो. पडदा तसाच आहे. मी मागे बसून तो रेडिओ केला.

बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. खोटं बोलल्याचा राग असता तर सोसला असता. त्यांना वाटतंय मी काम बिघडवलं.

१२ जून

दुपारी एक अनोळखी माणूस दुकानात आला. बाबांना ओलांडून विचारलं, अल्काबाई कोण? मी पडद्यातून बाहेर आले. आमगावच्या एका मालकाचा ड्रायव्हर. आवाज बारीक करून म्हणाला, "उमरावनं पाठवलं. आमच्या मालकानंबी समोर टीवी लावली. तेवढी बिघडवून देता काय?"

बाबा तिथेच होते, दोन हातांवर. सगळं ऐकलं. मग त्या माणसाला म्हणाले,

"गाडी कोनती हाय?"